खाऱ्या हवेत सीडी प्लेअर : नवे लेझर हेड बसवल्यानंतरचा काही महिन्यांचा अनुभव

देवगडच्या आमच्या घरी असलेल्या जुन्या सीडी प्लेअरमध्ये गणपतीच्या सुमारास नवे लेझर हेड, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने डिस्क वाचणारा भाग, बसवले. आता हापूसच्या पेट्या भरायला सुरुवात झाली आहे. म्हणजे परतीचा पाऊस, थंडीतला कोरडा वारा आणि सध्याचा घामट उकाडा या तिन्हींतून ते गेले आहे. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणतेही हेड उत्तमच वाजते, म्हणून लिहायची घाई केली नाही.

हे हेड केएसएस-२१३सी या क्रमांकाने विकले जाते. मूळ रचना सोनीची आहे, आणि हेच हेड किंवा याची भावंडे इतर अनेक कंपन्यांच्या प्लेअरमध्येही बसत आल्यामुळे ते आजही सहज मिळते. मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून आणले. किंमत पाचशेच्या आत. बाजारात आज मिळणारी बहुतेक हेडे नक्कल असतात हे गृहीत धरूनच मी घेतले आणि पुढचे सगळे मत त्याच अपेक्षेच्या मापाने दिले आहे. मागवताना मात्र जुन्या हेडवरचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, कळवावा. पिनाही मोजाव्यात, कारण उदाहरणार्थ सान्योचे एसएफ-पी१०१एन हे हेड १५ पिनांचे आणि १६ पिनांचे अशा दोन प्रकारांत येते. दिसायला दोन्ही सारखी, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

मूळ तक्रार नेहमीचीच होती. डिस्क घातली की भिंग दोन-तीनदा वर-खाली होई, कधी डिस्क फिरे, कधी फिरतही नसे, आणि शेवटी पडद्यावर ‘नो डिस्क’ येई. आमच्याकडच्या दुरुस्ती करणाऱ्या काकांनी झाकण उघडण्यापूर्वीच निकाल दिला, “लेन्स बदलूक व्हयी.” ते संपूर्ण हेडलाच लेन्स म्हणतात. त्यांचा निकाल शेवटी बरोबर ठरला, तरी किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हा निकाल इतक्या लवकर स्वीकारू नये असे मला आवर्जून सांगायचे आहे. इथे लेझर म्हातारा होण्याच्या कितीतरी आधी त्याच्या भोवतालच्या वस्तू खराब होतात, आणि लक्षणे हुबेहूब तीच दिसतात.

आमच्या यंत्रात भिंगावर बुरशीचा पातळ पडदा होता. हेडला सर्किट बोर्डाशी जोडणाऱ्या चपट्या रिबनची टोके चंदेरी असायला हवीत, ती काळपट पडली होती आणि सॉकेटच्या दोन-तीन पिनांवर हिरवट कीट चढला होता. ज्या धातूच्या दांडीवरून हेड सरकते तिच्यावरचे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने, दाब न देता पुसले. रिबनची टोके खोडरबराने हलकेच घासली, सॉकेट त्याच अल्कोहोलने धुतले, दांडी कोरडी करून प्लास्टिकला न खाणारे पांढरे ग्रीस अगदी थोडे लावले. एवढ्यावर कारखान्यात छापलेल्या डिस्क पुन्हा वाजू लागल्या. अनेकांचे काम इथेच संपेल आणि त्यांनी नवे हेड घेऊ नये.

आमचे काम संपले नाही, कारण घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्क (सीडी-आर) अजूनही वाचल्या जात नव्हत्या. छापील डिस्कवरून निदान ७० टक्के प्रकाश परत येतो, सीडी-आरवरून त्याहून थोडा कमी; ज्या हेडला पहिली जमते आणि दुसरी जमत नाही, त्याचा लेझर थकल्याचा संशय रास्त आहे. खात्रीसाठी लेझरचा प्रवाह मोजला. सोनीच्या अशा हेडच्या लेबलवर कारखान्यात मोजलेला प्रवाह आकड्यांत नोंदलेला असतो, आणि लेझरशी मालिकेत जोडलेल्या रोधावरचे (रेझिस्टरवरचे) व्होल्टेज मोजून आजचा प्रवाह काढता येतो. प्रकाश देणाऱ्या लेझर डायोडच्या डबीतच एक लहान प्रकाशसंवेदक असतो. त्याच्या इशाऱ्यावर सर्किट प्रकाश स्थिर राखते, त्यामुळे डायोड जुना झाला की तेवढ्याच प्रकाशासाठी जास्त प्रवाह ओढला जातो. आमच्या हेडचा प्रवाह लेबलवरच्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट निघाला, तेव्हा नवे मागवले.

बसवण्याचे काम हाताला अवघड नाही, पण त्यातला एक क्रम चुकला तर नवे हेड वाजण्यापूर्वीच मरते. लेझर डायोडला स्थिर विजेचा एक लहानसा झटकाही पुरतो, म्हणून नव्या हेडच्या मागच्या छोट्या पट्टीवर दोन बिंदू सोल्डरच्या थेंबाने मुद्दाम जोडून पाठवलेले असतात. हा थेंब ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतो आणि माहिती नसलेल्याला तो कारखान्यातली सांडलवंड वाटेल. तो आधी काढायचा नाही. हेड दांडीवर चढवून, रिबन सॉकेटमध्ये पूर्ण बसवून मगच, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने क्षणभर टेकवून, सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीवर उचलून घ्यायचा. तो काढायचा राहून गेला तर लेझर पेटतच नाही आणि माणूस दुकानदाराला दोष देत बसतो. मनगटाला अर्थिंगचा पट्टा असावा. आमच्याकडे पावसाळी हवा इतकी ओली असते की अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, तरीही पट्टा बांधला. पाच मिनिटांच्या कंटाळ्यावर हेड ओवाळून टाकण्यात अर्थ नाही.

जोडणी पाहताना भिंगाच्या थेट वर डोळा कधीही नेऊ नये. सीडीच्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त. बाजूने पाहिल्यास जो मंद लाल ठिपका दिसतो त्यावरून प्रकाश क्षीण आहे असा समज होतो. प्रत्यक्षात डोळ्याला त्यातला जेमतेम अंश दिसतो आणि इजा मात्र पूर्ण प्रकाशाची होते.

आता जुळवणी. नव्या यंत्रांत डिजिटल सर्व्हो (भिंग जागेवर राखणारे सर्किट) असल्याने फोकस (भिंगाची उंची) आणि ट्रॅकिंग (मार्गावर राहणे) यांची जुळवणी डिस्क घालताक्षणी आपोआप होते आणि प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायची जुळवणीची छोटी बटणे, फिरवण्याचा प्रश्नच येत नाही. आमचा प्लेअर त्याआधीच्या पिढीतला. बोर्डावर फोकस बायस, ट्रॅकिंग बॅलन्स आणि दोघांच्या गेनचे (सिग्नल किती वाढवायचा त्याचे) प्रीसेट आहेत. हेडमधला संवेदक चार भागांत विभागलेला असतो. समोरासमोरच्या दोन भागांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेतून वजा केली की भिंग वर आहे की खाली हे कळते, आणि चारही भागांची बेरीज म्हणजे प्रत्यक्ष वाचलेला सिग्नल. मार्गावर राहण्यासाठी बाजूचे दोन वेगळे किरण असतात. डिस्कवरच्या लागोपाठच्या वळशांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असते आणि भिंगाला डिस्कच्या डुलण्यामागोमाग अवघ्या एक-दोन मायक्रोमीटरच्या आत नेम धरायचा असतो, हे लक्षात घेतले की कानाने ऐकून प्रीसेट फिरवण्याचे धाडस होत नाही.

प्रत्येक प्रीसेटची मूळ जागा बारीक मार्करने खूण करून ठेवली आणि काकांच्या दुकानातला ऑसिलोस्कोप (सिग्नलच्या लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र) वापरला. हा वाचलेला सिग्नल जिथे मोजता येतो त्या आरएफ या चाचणीबिंदूवर छापील डिस्क वाजत असताना एकमेकांत गुंफलेल्या लहरींची जाळी दिसते. सीडीवरच्या खड्ड्यांची लांबी ३टी ते ११टी (टी म्हणजे एका बिटचा काळ) अशा नऊच मापांत असते, त्यामुळे जाळीत ठरावीक जागी चौकटच्या पानासारखे हिरे मोकळे राहतात. फोकस बायस असा ठेवायचा की ते हिरे सर्वांत स्वच्छ दिसावेत आणि जाळीची उंची सर्वाधिक असावी. आमच्याकडे जुन्या हेडने जेमतेम पाऊण व्होल्ट दिला होता. नव्याने काहीही न फिरवता १.२ व्होल्टच्या आसपास दिला, आणि बायस केसभर हलवल्यावर हिरे स्पष्ट झाले. ट्रॅकिंग बॅलन्सला हात लावावा लागला नाही.

हेडच्या अंगावर जो इवलासा प्रीसेट असतो तो लेझरच्या शक्तीचा. तो फिरवून मेलेले हेड जिवंत करण्याचा सल्ला अनेक मंडळी देतात. त्याने काही दिवस डिस्क वाजतातही, कारण थकलेल्या डायोडला आणखी प्रवाह पाजला जातो. पण तेवढ्याच वेगाने त्याचे उरलेले आयुष्य संपते. नव्या हेडवर तो कारखान्यात मीटर लावून ठरवलेला असतो. त्याला स्क्रूड्रायव्हर लावण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

आता वापराविषयी. आवाजात फरक पडला का, असे विचारणाऱ्यांना उत्तर नाही असेच आहे, आणि तसेच असायला हवे. हेड आकडे वाचते, स्वर घडवत नाही. फरक पडतो तो वाचनाच्या खात्रीत. आमच्या संग्रहातली खरी परीक्षा नाट्यसंगीताच्या छापील डिस्क नव्हेत, तर जत्रेतल्या टपऱ्यांवर विकत घेतलेल्या डबलबारी भजनांच्या, म्हणजे दोन बुवांच्या आळीपाळीच्या सामन्याच्या, सीडी-आर. स्वस्त डिस्क, घाईने रेकॉर्ड केलेली आणि वरून चिकटवलेले कागदी लेबल, त्यामुळे ती फिरताना डुलते. यातल्या बहुतेक डिस्क नव्या हेडने विनातक्रार वाजवल्या. सीडीचे वाचन आतून बाहेर होते आणि वेग मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांवरून २०० पर्यंत उतरतो. डुलणाऱ्या डिस्कची खोड बाहेरच्या कडेलाच कळते. दुसऱ्या बुवांची बारी रंगात येते तिथेच पूर्वी डिस्क अडखळे. आता दोन डिस्क सोडल्या तर शेवटपर्यंत जातात, आणि त्या दोन्ही दुसऱ्या प्लेअरवरही अडखळतात.

उणिवाही आहेत. एका गाण्यावरून दूरच्या गाण्यावर जाताना नव्या हेडचा करकर आवाज मूळ हेडपेक्षा जास्त येतो. भिंगाला धरणाऱ्या तारांचा ताण किंवा हेड सरकवणाऱ्या दात्यांच्या पट्टीचे प्लास्टिक तितके नेमके नसावे असा माझा अंदाज आहे. रात्री शांततेत तो जाणवतो. ओरखडे पडलेल्या छापील डिस्कवर मूळ हेड, ऐन उमेदीत असताना, अधिक सहनशील होते असेही वाटते. पुसून पुन्हा रेकॉर्ड करता येणारी सीडी-आरडब्ल्यू वाचली जात नाही, पण तो हेडचा दोष नव्हे. त्या डिस्कवरून साधारण १५ ते २५ टक्केच प्रकाश परत येतो आणि आमच्या यंत्राचे सर्किट त्यासाठी बनवलेलेच नाही.

परतीच्या पावसात एकदा ‘नो डिस्क’ पुन्हा आले. झाकण काढून रिबन ओढून परत बसवल्यावर लगेच वाजू लागले. सॉकेटच कारणीभूत होते, हेड नव्हे. त्यानंतर प्लेअर खिडकीखालून हलवून आतल्या भिंतीच्या बंद कपाटात ठेवला आणि त्यात सर्वांत कमी वॅटचा साधा पिवळा बल्ब, प्लेअरपासून हातभर दूर, पावसाळी दिवसांत पेटता ठेवला. आमच्याकडे कागदपत्रांच्या कपाटात हा उपाय जुनाच आहे. सिलिका जेलच्या पुड्याही ठेवून पाहिल्या, परंतु या हवेत त्या लवकर भरतात आणि पुन्हा तापवून कोरड्या कराव्या लागतात; बल्ब बरा. यंत्र आठवड्यातून काही वेळा चालवणे हाही उपाय आहे, कारण चालू यंत्राची स्वतःची ऊब आतली ओल हटवते.

मागच्या महिन्यात प्रवाह पुन्हा मोजला. बसवल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा तो नगण्य वाढला आहे आणि स्कोपवरची जाळी तितकीच उंच आहे. त्यामुळे भाच्याला याच क्रमांकाचे आणखी एक हेड आणायला सांगितले आहे. ते सोल्डरचा थेंब तसाच ठेवून, स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत, प्लेअरच्या शेजारी बल्बच्या कपाटातच राहील. आणि मिळाल्यावर आधी भिंग हलक्या फुंकरीने चहूबाजूंना सारखे डुलते का, दात्यांच्या पट्टीवर कुठे चीर नाही ना आणि लेबलवरचा आकडा वाचता येतो का, एवढे पाहूनच आत ठेवीन.