तेंगवार की किर्थ, व्यंजनं आधी कुठल्या लिपीची शिकायची?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनने रचलेल्या या दोन लिप्यांपैकी एक निवडायची असेल आणि तुम्ही लहानपणी क-ख-ग-घ घोकलेलं असेल, तर माझं सरळ मत आहे, आधी तेंगवार घ्या.

कारण ती आपल्या वर्णमालेसारखीच उच्चाराच्या जागेवरून लावलेली आहे. सगळ्यात वापरातल्या पद्धतीत त, प, च, क असे चार उभे रकाने, म्हणजे आपले वर्गच, फक्त ट-वर्ग नाही. अक्षर म्हणजे एक दांडी आणि एक पोट. दांडी खाली आणि पोट एक असेल तर त, पोट डबल केलं की द, आणि त्याच नियमानं प चा ब, च चा ज, क चा ग. दांडी वर चढवली की घासून निघणारे उच्चार येतात, फ (इंग्रजी एफसारखा), श वगैरे. दांडी आखूड आणि पोटं दोन असली की अनुनासिकं, न, म, ङ. अशी २४ अक्षरं नियमात बसतात, उरलेली १२ (र, ल, स, ह यातच येतात) मात्र पाठच करायची.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे व्यंजनावर एक आडवी रेघ दिली की त्याच्या आधी त्याच वर्गाचं अनुनासिक आहे असं समजायचं, म्हणजे आपला अनुस्वारच की! आणि दांडी वर-खाली दोन्हीकडे लांबवलेली अक्षरं मूळ पद्धतीत बहुतेक महाप्राणांसाठी होती, त्यामुळे ख, थ आणि ‘फळ’मधला फ लिहायची सोयसुद्धा आहे. ट, ड, ण, ळ ला तयार जागा नाही, तिथे मराठी लिहिताना स्वतःचं काहीतरी ठरवावं लागतं.

अडचणी दोन. त आणि च एकमेकांचे आरशातले चेहरे आहेत, प आणि क पण तसेच, म्हणून आधी त-प ची जोडी हातात बसवा, मगच च-क ला हात घाला. दुसरं म्हणजे अक्षराचा उच्चार भाषेप्रमाणे बदलतो, क्वेन्या (टोल्किनच्या कथांतल्या एल्फांची भाषा) लिहिताना च चा रकाना क चा होतो आणि क चा रकाना क्व चा, तेव्हा भाषा आधी ठरवा. (आणि थूले हे अक्षर म्हणजे आपला थ नाही, इंग्रजीत थिंक म्हणताना जीभ दातांत येते तो उच्चार.)

किर्थ कोरण्यासाठीची लिपी, सगळ्या सरळ रेघा. नियम तिथेही आहेत, प च्या फांदीला एक रेघ वाढवली की ब, प उलटा फिरवला की एफचा फ. पण चिन्हं साठाच्या आसपास, आणि मोरिया या कथेतल्या भूमिगत राज्याच्या ड्वार्फांनी (बुटक्या लोकांनी) काहींचे उच्चार बदलून टाकलेत, त्यामुळे एल्फांच्या तक्त्यावरून शिकून तिथल्या बालिन या ड्वार्फाच्या थडग्यावरचा लेख वाचायला गेलात तर अडकाल. फायदा एवढाच पण मोठा, स्वरांना स्वतंत्र अक्षरं आहेत, तेंगवारसारखी मात्रांची भानगड नाही, व्यंजनं आली की लगेच शब्द लिहिता येतात. लाकडावर किंवा लिनोवर (ठसे कोरायच्या मऊ शीटवर) नाव कोरायचं असेल तर मी बिनधास्त किर्थच सांगेन.

दोन्हींचे तक्ते ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५५ च्या तिसऱ्या खंडात परिशिष्ट ई मध्ये आहेत. तेंगवारचा तक्ता वहीत उतरवताना आडव्या ओळीनं उतरवा, चार अक्षरं रोज, सहा दिवसांत २४ होतात.