लॅब पक्की, थिअरी रामभरोसे: नाशिकमधल्या एका कॉम्प्युटर सायन्स विभागाबद्दल

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेताना पालक फाटकावरचा प्लेसमेंटचा फ्लेक्स वाचतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या विभागात मात्र बघायची ती लॅब.

इथे फळ्यावरून प्रोग्राम उतरवून घेत नाहीत. एका बॅचला वीसेक मुलं, मदतीला एम.एस्सी.ची दोन मुलं. ती चूक दाखवत नाहीत, जीडीबी हा चुका शोधायचा डीबगर लावायला लावतात. उदाहरणार्थ सी भाषेतली लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडची साखळी. मॅलॉकने नोडसाठी मेमरी घेतली पण पुढच्या नोडचा पत्ता ठेवणाऱ्या नेक्स्टमध्ये नल (म्हणजे 'पुढे काही नाही') टाकायचं राहिलं, तरी प्रोग्राम बरेचदा बिनबोभाट चालतो, कारण ताजी मेमरी शून्यांनी भरलेली निघते. चार नोड डिलीट करून पुन्हा इन्सर्ट केले की मग सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्राम बंद, तोही नेमका प्रॅक्टिकल परीक्षेच्या स्लिपवर! कंपाइल करताना 'मायनस जी' हा डीबगिंगचा पर्याय दिला असेल तर जीडीबीत 'बीटी' (बॅकट्रेस) मारल्यावर फुटलेली ओळ समोर येते.

डेटाबेसच्या तासाला मात्र गोंधळ. सगळी बॅच पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एकाच 'पोस्टग्रेस' नावाच्या मुख्य यूजरने एकाच डेटाबेसमध्ये शिरते. दोघांनी 'एम्प' टेबल केलं की दुसऱ्याला 'रिलेशन ऑलरेडी एक्झिस्ट्स', म्हणजे हे टेबल आधीच आहे. तो वैतागून टेबल पुसणारं ड्रॉप टेबल मारतो आणि शेजारणीची असाइनमेंट जाते. प्रत्येक रोल नंबरला वेगळा यूजर, वेगळा डेटाबेस आणि 'पब्लिक'कडून, म्हणजे सरसकट सगळ्यांकडून, कनेक्टचा हक्क काढून घेणं, हे दहा ओळींच्या शेल स्क्रिप्टचं काम आहे.

थिअरीला तासिका तत्त्वावरचे शिक्षक. नेमणुका लांबतात, मग शेवटची दोन युनिट पंधरवड्यात उरकतात. तोवर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींचा ऑनलाइन कोर्स धरावा. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ असाइनमेंटचे 25 आणि केंद्रावरच्या परीक्षेचे 75 गुण असतात. पास व्हायला अनुक्रमे 10 आणि 30 लागतात. नुसत्या असाइनमेंटवर सर्टिफिकेट मिळत नाही.

प्राध्यापकीकडे डोळा असलेल्यांना एम.एस्सी.त असतानाच शिकवायची सवय होते, ही इथली खरी कमाई. सेटचा, म्हणजे सहायक प्राध्यापक पदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचा अर्ज एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातही भरता येतो. पहिल्या पेपरला 50 प्रश्न, विषयाच्या पेपरला 100, निगेटिव्ह मार्किंग नाही. पण लॅबमध्ये घालवलेल्या तासांचं साधं पत्रही विभाग आपणहून देत नाही, मागून घ्यावं लागतं.

पाचपैकी साडेतीन.