६५ इंची टच पॅनल, प्लिकर्सची कार्डं आणि खडूची भुकटी: वर्गातल्या वापरानंतरचा अनुभव

"टच फ्रेम गेली आहे, नवी टाकावी लागेल. धुळीमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही." पॅनल बसवून देणाऱ्या कंपनीचा हा निरोप, आणि सोबत पॅनलच्या किमतीच्या जवळपास पाव हिश्शाचं कोटेशन. प्रत्यक्षात बिघाड होता खालच्या चौकटीत साचलेल्या खडूच्या भुकटीचा, आणि तो एक इंची रंगाच्या ब्रशने निघाला. असा ब्रश नागपूरच्या महाल भागात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मग लिहिणं भाग आहे.

रिझोल्यूशन, रॅम, स्पीकरचे वॅट हे सगळं माहितीपत्रकात असतं, त्यावर वेळ घालवत नाही. माहितीपत्रकात नसतं ते हे: शाळांना विकले जाणारे बहुतेक पॅनल इन्फ्रारेड टचचे असतात. काचेला स्पर्श कळत नाही. चौकटीच्या आतल्या कडेला, काळपट प्लास्टिकच्या पट्टीमागे, दोन बाजूंना बारीक एलईडी आणि समोरच्या दोन बाजूंना त्यांचे किरण टिपणारे संवेदक असतात. हीच ती टच फ्रेम. काचेच्या अगदी वर अदृश्य किरणांचं जाळं तयार होतं, बोटाने जिथे किरण अडतो तिथे स्पर्श झाला असं पॅनल समजतं. बोटच हवं असं नाही. शर्टाची बाही अडली तरी स्पर्श, माशी बसली तरी स्पर्श, खडूची भुकटी साचली तरी स्पर्शच. मग जिओजेब्रा या भूमितीच्या अ‍ॅपमध्ये काढलेला त्रिकोण स्वतःच सरकू लागतो, पानं आपोआप उलटतात, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, ते आपोआपच लिहून राह्यलं!"

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी एक चाचणी करा, पाच मिनिटांचं काम. पॅनलवरचं रेघा मारायचं साधं अ‍ॅप उघडा आणि डावीकडून उजवीकडे, वरपासून खालपर्यंत, चार बोटांच्या अंतराने आडव्या रेघा ओढा. मग तशाच उभ्या. रेघ दर वेळी एकाच जागी तुटत असेल तर त्या जागेच्या सरळ रेषेत चौकटीवर काहीतरी चिकटलंय, नाहीतर तिथला एलईडी गेलाय. ती पट्टी पुसून पुन्हा रेघ ओढा. तरीही तिथेच तुटली तरच फ्रेमच्या खर्चाचं बोलणं सुरू करावं. रेघा नीट येतात पण हात न लावता ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांची जागा तासागणिक बदलते, तर बहुधा उन्हाचा दोष. सतत एकाच कोपऱ्यात ठिपके येत असतील तर त्या कोपऱ्यातली धूळ बघा.

सफाईची रीत अशी. पॅनल बंद करून प्लगही काढायचा. कोरड्या मऊ ब्रशने आधी वरची कड, मग दोन्ही बाजू, शेवटी खालची. उलट क्रमाने केलं तर वरची धूळ पुन्हा खाली येते. खालच्या कोपऱ्यांत ब्रश उभा धरून भुकटी बाहेर ओढायची, आत ढकलायची नाही. नंतर मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून पट्टीवरून एकदा फिरवायचं. काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारायचा नाही. तो ओघळून नेमका खालच्या चौकटीत जातो. आणि पॅनल सुरू होताना काचेवर हात, कापड, डस्टर काही टेकलेलं नको, कारण बऱ्याच फ्रेम सुरू होतानाच 'मोकळी काच कशी दिसते' याची नोंद घेतात.

आता खरा राग. कंपन्या पॅनल बसवतात कुठे? दोन सरकत्या हिरव्या फळ्यांच्या मधोमध. दिसतं झकास, मुख्याध्यापक खूश, फोटोही छान येतो. पण डस्टर फिरला की भुकटी पडते ती सरळ पॅनलच्या खालच्या पट्टीवर. आपल्याकडचा साधा खडू जिप्समचा, त्याची भुकटी हलकी आणि उडणारी. डस्टलेस म्हणून विकला जाणारा खडू कॅल्शियम कार्बोनेटचा, तो जड असल्याने भुकटी जवळच पडते. पण पॅनलच फळ्याला चिकटून असेल तर 'जवळच' म्हणजे पुन्हा तिथेच! एवढं साधं गणित बसवणाऱ्याला कळत नसेल असं नाही. उपाय दोनच: पॅनलच्या बाजूचे फळे मार्करचे करा, किंवा कोरडा डस्टर बंद करून ओलसर फडक्याने फळा पुसा. मार्कर-शाईचा खर्च खडूपेक्षा जास्त आहे हे खरं, पण टच फ्रेमच्या कोटेशनपुढे तो काहीच नाही.

उन्हाचं म्हणाल तर नागपुरात उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात हा त्रास जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारचं ऊन तिरपं होऊन खिडकीतून खोलवर येतं, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. खिडकीला काळी फिल्म लावून डोळ्यांना बरं वाटतं, पण साधी फिल्म इन्फ्रारेड अडवेलच असं नाही. जाड कापडी पडदा लावावा, स्वस्त पडतो. उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. असे पॅनल साधारण ४० अंशांपर्यंत चालवण्यासाठी बनवलेले असतात, आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या बंद खोलीचं काय होतं ते सांगायला नको. कूलर लावलात तर झोत पॅनलवर नको. तुषार वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर सुट्टीतली धूळ चौकटीत साठलेली असते. पहिल्या दिवशी आधी ब्रश, मग स्विच.

इथवर वाचून वाटेल की पॅनल चांगला ठेवला की काम झालं. पहिल्या सत्रात माझंही तेच मत होतं. आता नाही. टच हा या पॅनलचा सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. साठ जणांच्या वर्गात एक मूल पुढे येऊन आकृती सरकवतं तेव्हा बाकीचे एकोणसाठ प्रेक्षक असतात, त्यातले निम्मे त्याच्या पाठीकडे बघत. रमण विज्ञान केंद्रात मुलं ज्या यंत्राला हात लावता येतो त्याच्याच भोवती गर्दी करतात, पण तिथे यंत्रं खूप असतात. वर्गात पडदा एकच. टच बंद पडला होता तेव्हा एक वायरलेस माउस बाकावरून बाकावर फिरवला, आणि शेवटच्या रांगेतली मुलंही आकृती हलवू लागली. वर्गाकडे पाठ करून उभं राहायची गरज शिक्षकालाही उरली नाही.

सगळ्या वर्गाचे हात एकदम कामाला लावायचे तर प्लिकर्स हे अ‍ॅप. मुलांकडे मोबाइल नको, टॅब नको. प्रत्येकाला एक छापील कार्ड. त्यावर क्रमांक आणि एक काळी चौकोनी आकृती, जी प्रत्येक कार्डावर वेगळी असते. कार्डाच्या चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, शिक्षक मोबाइलच्या कॅमेऱ्याने वर्गावरून एक संथ फेरी मारतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याचं बघून फिरवणं अवघड. साधा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा. आपल्या वर्गांना सरळ मोठाच छापा. कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवला की एकच संच सगळ्या तुकड्यांना पुरतो.

छपाईत मात्र लोक फसतात. चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून परततो आणि कॅमेऱ्याला आकृतीच्या जागी पांढरा पट्टा दिसतो. मॅट लॅमिनेशन करा, नाहीतर झेरॉक्स काढून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, तेच सगळ्यात टिकाऊ. नुसता कागद पावसाळ्यात वाकतो आणि वाकलेलं कार्ड वाचलं जात नाही. आकृतीभोवतीची पांढरी कड कापू नका. मुलांना कार्ड कडेला धरायला शिकवा; अंगठा काळ्या भागावर आला की ते कार्ड गैरहजर. मुलांच्या पाठीमागे उजेडाची खिडकी असेल तर कार्डं काळवंडतात, तेव्हा खिडकी बाजूला येईल असे उभे राहा. आणि पडद्यावर पर्याय अ, ब, क, ड लिहू नका. कार्डावर ए-बी-सी-डी असतं, आणि 'ब' आणि 'बी' मध्ये पहिल्याच दिवशी गोंधळ होतो.

प्रश्न मात्र नीट निवडावा लागतो. 'भिंगाची शक्ती कशात मोजतात' असल्या प्रश्नाला कार्डं काढणं म्हणजे वेळेची नासाडी. दहावीच्या भिंगांच्या पाठाला हा विचारून बघा: बहिर्वक्र भिंगाने कागदावर खिडकीची प्रतिमा पडली आहे, भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, तर काय होईल? पर्याय: प्रतिमेचा वरचा अर्धा भाग जाईल, खालचा अर्धा भाग जाईल, पूर्ण प्रतिमा राहील पण मंद होईल, प्रतिमाच पडणार नाही. प्रतिमा उलटी पडते हे पाठ असलेली हुशार मुलं ठामपणे 'खालचा' म्हणतात, बाकीची 'वरचा'. इथे लगेच बरोबर उत्तर दाखवायचं नाही, कोणत्या पर्यायाला किती मतं पडली याचा आलेखही झाकून ठेवायचा, नाहीतर सगळे बहुमताकडे वळतात. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत हीच: आधी एकेकट्याने मत, बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर शेजाऱ्याला पटवायला दोन-तीन मिनिटं, मग पुन्हा मतदान. तीसच्या खाली असेल तर चर्चेत चूकच पसरते, धडा पुन्हा समजावा. सत्तरच्या वर असेल तर पुढे चला. दुसरं मतदान झालं की प्रयोगशाळेतलं १० सेंमी नाभीय अंतराचं भिंग काढा, खिडकीसमोर कागद धरा आणि पुठ्ठ्याने अर्धं झाका. खिडकी अख्खी दिसते, फक्त फिकी. या एका प्रश्नाला दहा मिनिटं जातात, ३५ मिनिटांच्या तासिकेत असे तीनच्या वर प्रश्न घेऊच नयेत.

याच पाठाला फेटची प्रतिकृती, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारं सिम्युलेशन, जोडता येते. फेट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. फुकट आहे, बऱ्याच प्रतिकृती मराठीतही आहेत, आणि एचटीएमएल फाइल एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली की इंटरनेट लागत नाही. भिंगाच्या प्रतिकृतीत वक्रता त्रिज्या आणि अपवर्तनांक बदलता येतो. अपवर्तनांक १.५ आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर नाभीय अंतर त्रिज्येइतकंच येतं. मुलांच्या डोक्यात आरशाचं 'त्रिज्येच्या निम्मं' बसलेलं असतं, ते इथे नेमकं हलतं. आधी अंदाज वहीत लिहून घ्यायचा, मग माउस द्यायचा. अंदाज न लिहिता दिलं की स्लायडर डावीकडे-उजवीकडे आपटण्याचा खेळ होतो.

काहूट ही ऑनलाइन प्रश्नमंजुषा संगणक कक्षातच जमते, तीन मुलांना एक संगणक धरून. गोंगाट आणि मजा भरपूर, पण गुणांची रीत बघा: बरोबर उत्तर तत्काळ दिलं तर १०००, वेळ संपता संपता दिलं तर ५००. मराठी प्रश्न वाचायलाच ज्याला वेळ लागतो तो कितीही बरोबर असला तरी मागे. गणिताच्या प्रश्नांना वेळ वाढवून ठेवा, शक्य तिथे गुणच बंद करा. क्विझिझ, ज्याचं नाव आता वेग्राउंड झालंय, आपापल्या गतीने सोडवता येतं. सरावाला तेच बरं. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं दीक्षा या सरकारी पोर्टलवरचं साहित्य बरंचसं व्हिडिओच आहे, त्याला कृती म्हणवत नाही.

मराठीत प्रश्न भरणाऱ्यांसाठी: शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा तसल्या फाँटमध्ये असतात, त्या थेट चिकटवल्या की अगम्य चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. उत्तर टाइप करायचे प्रश्न टाळाच. १२ हा आकडा मुलाने देवनागरीत लिहिला आणि तुम्ही इंग्रजी अंकात साठवला असेल तर उत्तर चूक ठरतं. 'वाऱ्या'तला र दोन प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, यंत्राला नाही.

विजेसाठी साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, तासिका चालवायला नव्हे, पॅनल नीट बंद करायला. आत विंडोजचा संगणक बसवला असेल तर हा खर्च टाळू नका. कूलर आणि पॅनल एकाच बोर्डवर नको, मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं.

नवीन घेणार असाल तर खरेदी आदेशातच लिहून घ्या: टच फ्रेम वॉरंटीत आहे का, वार्षिक देखभाल करारात तिची सफाई धरली आहे का, तंत्रज्ञ नागपुरातला की बाहेरून येणार, आणि त्याच्या येण्याचे पैसे कोणी द्यायचे. तोंडी 'सगळं आहे सर' चालत नाही. पैसे कमी असतील तर साधा प्रोजेक्टर, एक वायरलेस माउस, ६३ पुठ्ठ्याची कार्डं आणि शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल, एवढ्यात वर सांगितलेलं जवळपास सगळं होतं. आणि पॅनलसोबतचा स्टायलस हरवला म्हणून कंपनीचा 'ओरिजनल' मागवू नका. या पडद्याला किरण अडण्याशी मतलब, पेन्सिलीचं रबराचं टोक तितकंच छान चालतं.