झीज चुकीच्या जागी होती

पार्सल आलं तेव्हा अप्पा शेंगा सोलत बसले होते. मी खोकं फोडलं, थर्माकोल बाजूला सारला आणि आतलं नकली पिस्तूल, सिनेमातल्या पिस्तुलाची रेप्लिका, त्यांच्या हातात दिलं. उजेडात धरून त्यांनी ते दोनदा फिरवलं. “जुनं दिसायला पायजे म्हणतोस ना? मग मुठीला हात लागतो तिथं कोरं, आणि या खाचेत बोटसुद्धा जात नाही तिथला रंग उडालाय. असं कसं?” मी हसलो आणि पिस्तूल काढून घेतलं. तोवर माझे 14,500 रुपये गेलेच होते. पण त्या दिवशी अप्पांचं ऐकलं असतं, तर निदान पुढचे 3,500 वाचले असते.

अप्पा 31 वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की त्यांना हाक. लोखंड कुठं झिजतं हे त्यांना विचारायचं, मला नाही. पण मी इंटरनेटवर शंभरेक व्हिडिओ बघितले होते ना!

ज्यांना सिनेमातल्या वस्तूंच्या रेप्लिकांचा हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये हॅन सोलो या पात्राच्या कमरेला जे पिस्तूल आहे, ते कुणी कोऱ्या कागदावर काढलेलं नव्हतं. जर्मन माउझर सी 96 हे खरं पिस्तूल घेतलं, त्यावर जुनी दुर्बीण बसवली, नळीच्या टोकाला विमानातल्या मशीनगनचा तुकडा लावला, झालं भविष्यातलं हत्यार. त्या सिनेमातलं सगळंच वापरून वापरून मळलेलं, घासलेलं दिसतं आणि आम्हा लोकांचा जीव त्या मळक्यावरच अडकलाय. रेप्लिका नवीकोरी चकचकीत असली तर ती खेळणं वाटते. म्हणून तिच्यावर वेदरिंग करायचं, म्हणजे ओरखडे, तेलाचे डाग, कडांचा उडालेला रंग हाताने आणायचा. मला मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांच्या मेळ्याला, जायचं होतं आणि वेळ नव्हता. एरवी मी स्वतः करतो. या वेळी म्हटलं, तयार घेऊ.

विक्रेता सोशल मीडियावर सापडला. बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात ‘दादा’. बॉडी रेझिनची, नळी आणि दुर्बीण अॅल्युमिनियमची, वेदरिंग हाताने. 6,000 आगाऊ, 8,500 पाठवण्याआधी. फोटो असे, की बघताक्षणी हात खिशाकडे जावा. दुर्बिणीच्या काचेजवळ अर्धचंद्रासारखा एक ओरखडा होता, तो तर माझ्या डोळ्यासमोरून हलेना.

मी अगदीच बावळट नाही. रंग देण्याआधीचे फोटो मागितले. तर म्हणे, “दादा, ते आमचं सीक्रेट असतं.” व्हिडिओ कॉल मागितला. केला त्याने, रात्री दहाला, पिवळ्या दिव्याखाली, पिस्तूल सतत हलवत. पैसे पाठवताना यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव आलं, तर ते ‘मेव्हण्याचं खातं’ निघालं. बिल मागितलं, ‘जीएसटी लागेल, महाग पडेल’. प्रत्येक उत्तर ऐकताना पोटात जरा खुट्ट व्हायचं आणि प्रत्येक वेळी तो ओरखडा आठवायचा.

वस्तू आली, त्यात तो ओरखडा नव्हताच. विचारलं तर म्हणाला, प्रत्येक पीस हातचा, ओरखडे सारखे कसे येतील? पटलं की! वजन किलोच्या वर भरलं, खऱ्या माउझरच्या जवळपास. नळीला चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाहीच, म्हणून मी खूश. प्लास्टिकलाही चिकटत नाही, एवढं साधं त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

एप्रिलमध्ये होटगी रोडला एका मित्राकडे दाखवायला नेलं. दुपारी जेवणाच्या गडबडीत ते गाडीतच, मागच्या काचेखाली राहिलं. एप्रिलचं सोलापूर म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको, पारा चाळिशीच्या वर. चार वाजता गाडी उघडली तर नळीने मान टाकली होती. हारातली फुलं संध्याकाळी माना टाकतात ना, अगदी तशी. मित्र म्हणाला, “का बे, अॅल्युमिनियम हाय म्हणला होतास?”

थ्रीडी प्रिंटिंगला सगळ्यात स्वस्त आणि सोपं पडणारं प्लास्टिक म्हणजे पीएलए. ते साधारण 60 अंशाला मऊ पडायला लागतं आणि उन्हातली बंद गाडी तेवढी सहज तापते. घरी येऊन नळीवर बारीक पॉलिश पेपर फिरवला. रंगाखाली लांबीने रेघाच रेघा, प्रिंटरच्या थरांच्या. पोटात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि आठ नट, वजनासाठी. रेझिनचा पत्ता नाही.

आता अप्पांचं वाक्य आठवलं. ते आत गेले आणि त्यांचा जुना पाना घेऊन आले. त्या पान्याच्या तोंडाच्या दोन्ही कडा चांदीसारख्या लखलखीत, दांड्यावर अंगठा टेकतो तिथं गुळगुळीत चकाकी आणि ठोकलेल्या अक्षरांत वर्षानुवर्षांचं काळं तेल. म्हणजे मळ खोलगटात बसतो आणि चकाकी कडेला येते. पिस्तुलाचंही तसंच. म्यानात घालून-काढून नळीचं टोक आणि वरच्या धारा उजळणार, मूठ आणि चापाभोवतीची कडी हाताने घासली जाणार. माझ्या पिस्तुलाच्या त्या सगळ्या जागा कोऱ्या होत्या. चंदेरी चट्टे होते ते गोल नळीवर, दुर्बिणीच्या पोटावर, खाचांच्या आत. ते तिथं का, हे थर बघितल्यावर कळलं. थ्रीडी प्रिंटच्या रेघा गोलाईवरच जास्त दिसतात. गड्याने स्पंजने चंदेरी रंग थापून त्या झाकल्या होत्या. आम्ही वेदरिंग करतो ते नवं जुनं दिसावं म्हणून, त्याने केलं ते खराब काम जुनं वाटावं म्हणून. माल जितका मळकट तितकी शंका कमी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

फोटोही शोधून बघितले, जे आधीच करायला हवं होतं. अर्धचंद्राचा ओरखडा परदेशातल्या एका छंदवाल्याच्या कामाचा निघाला, कित्येक वर्षांपूर्वीचा.

पुढचं सांगायला लाज वाटते. मी चिडून फोन केला, तर त्याने आवाज चढवला नाही की नाकारलं नाही. “दादा, कारागिराने घोळ केला. खरी अॅल्युमिनियमची नळी पाठवतो, फक्त मटेरियलचे 3,500 द्या.” आणि मी दिले. गेलेले पैसे वाचवायच्या नादात माणूस आणखी पैसे घालतो, हे मटक्यावाल्यांबद्दल ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉक केलं.

वस्तू परत पाठवून द्यावी म्हणून नवी पेठेत कुरिअरच्या काउंटरवर गेलो, पण पाठवायचा पत्ता तरी कुठं होता? खोक्यावर नुसता पिनकोड. वर काउंटरवरच्या पोराने आत काय आहे विचारलं, मी ‘पिस्तूल’ म्हणालो आणि मागच्या रांगेतल्या दोन बायका मागे सरकल्या. तेवढ्यासाठी सांगतो, रेप्लिका उघड्यावर घेऊन हिंडू नका आणि विमानाच्या हातातल्या बॅगेत तर अजिबात ठेवू नका, खेळण्यातली बंदूकही तिथं काढून घेतात.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. पहिल्या पेमेंटला महिने उलटून गेले होते. ग्राहक आयोगाचा रस्ता अजून उघडा आहे. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण नोटीस पाठवायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे ‘मेव्हण्याचं’ यूपीआय नाव, चॅटचे स्क्रीनशॉट आणि एक मान टाकलेली नळी. चॅट मी पुसलं नाही, तुम्हीही पुसू नका. मध्येच एकाचा फोन आला, तुमचे पैसे काढून देतो, 999 प्रोसेसिंग फी. या वेळी मात्र मी फोन अप्पांकडे दिला. ते काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

तरी कुणाला तयार पीस घ्यायचाच असेल तर रंगाच्या आधीचा, नुसत्या प्रायमरवरचा फोटो मागा, दिवसाच्या उजेडात काढलेला, बाजूला त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून. नाही म्हणाला तर सोडून द्या. धातू म्हणाला तर व्हिडिओवर चमच्याने टिचकी मारून आवाज ऐकवायला सांगा. आणि वेदरिंग बघताना मळ कुठं आहे आणि चकाकी कुठं, एवढं बघा.

मी नळी कापून काढली. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची करून घेतली, 600 रुपयांत. सगळा रंग उतरवला, रेघा पुट्टीने भरल्या, खाली चंदेरी, वर काळा. सुकल्यावर कडांवरचा काळा हलकेच घासून काढला, खाचांत टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी ऑइल कलर सोडला आणि शेवटी 6बी पेन्सिलीची पूड बोटाने धारांवर चोळली. समोर नमुन्याला अप्पांचा पाना. पाहून पाहून तीन रविवार गेले.

परवा अप्पांनी पिस्तूल पुन्हा उजेडात धरलं, चापाभोवती अंगठा फिरवला. “आता जरा वापरल्यासारखं वाटतंय,” म्हणाले. मग पाना उचलला, धोतराला पुसला आणि आत घेऊन गेले.