चियांग माईतील व्हिसा-मदत कार्यालय: तीन नूतनीकरणांनंतरचा अभिप्राय

चियांग माई विमानतळापासून फार दूर नसलेल्या एका गल्लीत, कपडे धुऊन देणारे दुकान आणि फळांच्या रसाची गाडी यांच्या मधोमध, दोन टेबलांचे एक छोटे कार्यालय आहे. निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी लोकांची इमिग्रेशनची कागदपत्रे तयार करून देणे आणि ठरल्या दिवशी त्यांच्याबरोबर इमिग्रेशन कार्यालयात येणे, एवढेच काम तेथे चालते. मी आणि माझी पत्नी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे या सेवेचे ग्राहक आहोत. कार्यालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे एक गंभीर तक्रार आहे आणि दोन-तीन माणसांच्या या व्यवसायावर एका चुकीमुळे पोटावर पाय येण्याची वेळ यावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय अशी कार्यालये येथे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यावर कोणते काम सोपवावे आणि कोणते कधीही सोपवू नये, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मी सांगलीचा, बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही ‘नॉन-इमिग्रंट ओ’ हा ९० दिवसांचा व्हिसा घेऊन येथे आलो. वयाची पन्नाशी पार केलेल्या माणसाला या व्हिसावर पुढे एक-एक वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेतील स्वतःच्या खात्यात ८ लाख बाट (थायलंडचे चलन) असावे लागतात, किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख भरावे लागतात. माझे निवृत्तिवेतन ६५ हजार बाटांच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे ठेवीचाच मार्ग उरला. ‘ओ-एक्स’ हा दहा वर्षांचा व्हिसाही आहे, परंतु तो ज्या चौदा देशांच्या नागरिकांना मिळतो त्यांत भारत नाही. भारतातूनच वर्षभरासाठी घेता येणाऱ्या ‘ओ-ए’ व्हिसाला तेव्हा १ लाख डॉलरचा आरोग्य विमा लागत असे आणि आमच्या वयात त्याचा हप्ता झेपणारा नव्हता.

या सेवेचे खरे मोल मला पहिल्याच भेटीत कळले. तेथील बाईंनी आम्हाला बसवले, पाणी दिले आणि एका कागदावर तारखा मांडून दाखवल्या. ठेवीची रक्कम अर्जाच्या दिवसापूर्वी किमान दोन महिने खात्यात मुरलेली असावी लागते आणि आमच्या व्हिसाची एकूण मुदत ९० दिवसांची होती, म्हणजे खाते उघडून भारतातून पैसे येण्यासाठी हातात जेमतेम महिनाही नव्हता. त्यांतील अकरा दिवस आम्ही घर शोधण्यात घालवले होते. बाईंनी त्याच दुपारी पत्त्याच्या दाखल्याचा अर्ज भरून दिला, कारण आमच्या बँकशाखेने त्या दाखल्याशिवाय खाते उघडण्यास नकार दिला होता. भारतातून निघण्यापूर्वी हा हिशेब आम्हाला कोणीही सांगितला नव्हता. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माझ्याही तो लक्षात आला नव्हता.

पैसे पाठवण्याची भारताकडील बाजू मात्र या कार्यालयाच्या आवाक्याबाहेरची आहे, ती ज्याची त्याने समजून घ्यावी. भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. आम्ही पाठवली तेव्हा ७ लाख रुपयांपुढील रकमेवर ५ टक्के कर स्रोतावर गोळा केला जात असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २० टक्के झाला आणि एप्रिल २०२५ पासून करमुक्त मर्यादा १० लाखांवर गेली. आज कोणी २० लाख रुपये पाठवले तर २ लाख रुपये विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकून पडतात, तेवढी जास्तीची तजवीज हवी. येथे स्थायिक झाल्यावर भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे लागते, तेही विसरू नये.

पत्नीचे काम अधिक किचकट होते. तिची मुदतवाढ माझ्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून घेतली, तर तिच्या नावाने वेगळे ८ लाख बाट ठेवावे लागत नाहीत, पण त्यासाठी विवाहाचे प्रमाणपत्र लागते. आमचे लग्न १९८४ साली वाड्याच्या अंगणात झाले. नोंदणी करावी हे कोणाच्या मनातही आले नव्हते. महाराष्ट्रातील माझ्या पिढीच्या कितीतरी जोडप्यांची हीच स्थिती असेल. निघण्याच्या सहा महिने आधी आम्ही महानगरपालिकेत जाऊन ती नोंदणी केली. पिवळी पडलेली लग्नपत्रिका, एकच उरलेला फोटो आणि तीन साक्षीदार लागले, त्यांतला एक माझा एक्क्याऐंशी वर्षांचा मामा होता. त्या प्रमाणपत्राचे साक्षांकन, थाई भाषांतर आणि येथील परराष्ट्र मंत्रालयाकडून त्यावर घ्यावयाची मान्यता हे सर्व या कार्यालयाने एकही खेप वाया न घालवता केले. त्यांच्या कामातील हा भाग मी निःसंशय उत्तम म्हणेन.

नूतनीकरणाच्या दिवसाचे त्यांचे काम पाहण्यासारखे असते. आमची तारीख फेब्रुवारीच्या अखेरीस येते, जेव्हा उत्तर थायलंडच्या डोंगरांत आणि शेतांत लागलेल्या आगींचा धूर शहरावर उतरू लागतो आणि सकाळी सात वाजता सुथेप डोंगर दिसत नाही. आम्ही तोंडाला मास्क लावून रांगेत उभे असतो. कार्यालयातील मुलगा आमच्या आधी पोहोचून नंबर घेतो. त्याआधी बाई मला बँकेच्या यंत्रावर पाठवून खात्यात १०० बाट भरायला लावतात, कारण पासबुकावर त्याच दिवसाची नोंद उमटलेली असावी अशी अधिकाऱ्यांची अपेक्षा असते. मग त्या पासबुकाच्या प्रत्येक पानावर बोट फिरवून पाहतात: शिल्लक कोणत्याही ओळीत मर्यादेखाली गेली आहे का, नाव पासपोर्टातील अक्षरांप्रमाणेच आहे का. सगळ्या छायाप्रतींवर निळ्या शाईने सही, चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो, घरापर्यंतचा हाताने काढलेला नकाशा, घरमालकाने आमच्या वास्तव्याची दिलेली ‘टीएम ३०’ नोंद आणि बँकेचे पत्र, असा गठ्ठा त्या एका विशिष्ट क्रमाने लावतात. खिडकीपलीकडील अधिकारी तो गठ्ठा उलटतो तेव्हा त्याला एकदाही मागे जावे लागत नाही. तिन्ही वर्षी अकराच्या आत आमच्या पासपोर्टांवर शिक्के पडले होते.

शासकीय शुल्क माणशी १,९०० बाट आहे. कार्यालय आमच्या दोघांचे मिळून ६,००० बाट वेगळे घेते, आणि त्याची लेखी पावती देते. हे काम स्वतः करता येत नाही असे मुळीच नाही; थोडीफार थाई येणारी आणि उन्हात उभी राहू शकणारी व्यक्ती ते करू शकते. माझ्या पत्नीच्या गुडघ्यांना ते झेपत नाही, म्हणून आम्हाला हा खर्च योग्य वाटतो.

आता तक्रार. मुदतवाढ मिळालेला परदेशी माणूस पुनःप्रवेशाचा परवाना न घेता थायलंडबाहेर गेला, तर त्याची मुदतवाढ तेथेच रद्द होते. एका वेळेच्या परवान्याला १,००० बाट आणि अनेक वेळांच्या परवान्याला ३,८०० बाट पडतात, आणि तो प्रत्येक पासपोर्टावर वेगळा लागतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये पुतणीच्या लग्नासाठी आम्ही सांगलीला निघालो होतो. दोघांचे परवाने काढण्यास सांगून मी पासपोर्ट व पैसे कार्यालयात दिले आणि तीन दिवसांनी परत मिळालेले पासपोर्ट न उघडता कपाटात ठेवले. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर, रांगेत उभे असताना, पत्नीने सहज म्हणून तिचा पासपोर्ट माझ्या पासपोर्टाशेजारी धरला. माझ्या पानावर चौकोनी शिक्का होता, तिचे पान कोरे होते. तिच्या हाताला सुटलेला कंप मला अजून आठवतो, कारण तिची मुदतवाढ गेली असती तर नवा व्हिसा आणि साक्षांकित प्रमाणपत्रांची ती सगळी फेरी पुन्हा करावी लागली असती. सुदैवाने त्या विमानतळावर निघण्याच्या आधी परवाना देणारी खिडकी आहे. फोटो जवळ होता, रोख पैसे होते आणि विमानाला अडीच तास होते, म्हणून काम निभावले.

परत आल्यावर मी पासपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला. चूक मुलाकडून झाली होती, पण बाईंनी त्याला पुढे केले नाही. पैसे परत केले, विमानतळावरील जादा खर्च दिला आणि त्या दिवसापासून पासपोर्ट परत देताना ग्राहकासमोर पान उघडून शिक्का दाखवण्याची पद्धत सुरू केली. ही दुरुस्ती मी मनापासून मान्य करतो. तरीही मूल्यमापनात हा दोष मी मोठाच धरतो, कारण या व्यवसायात एका शिक्क्यावर म्हाताऱ्या माणसांचे राहते घर अवलंबून असते. आमचाही निष्काळजीपणा त्यात होता, आणि म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे की पासपोर्ट हातात आला की तेथेच उघडून प्रत्येक पान पाहावे.

९० दिवसांची हजेरी मात्र या कार्यालयाकडे देऊ नये असे माझे मत आहे. सलग ९० दिवस देशात राहिल्यास आपला पत्ता ‘टीएम ४७’ अर्जाने कळवावा लागतो. त्याला शुल्क नाही. प्रत्यक्ष जाणाऱ्याला मुदतीआधी १५ दिवसांपासून मुदतीनंतर ७ दिवसांपर्यंत सवड असते आणि चुकल्यास २,००० बाट दंड बसतो. देशाबाहेर जाऊन आले की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. पहिली हजेरी प्रत्यक्ष दिल्यावर पुढच्या संगणकावरून देता येतात, ते काम माझी पत्नी पंधरा मिनिटांत करते. कार्यालय यासाठी दर वेळी ५०० बाट मागते, ते मला जास्त वाटतात.

आणखी एक सेवा काही ठिकाणी दबक्या आवाजात सांगितली जाते: ज्याच्याकडे ८ लाख बाट नाहीत, त्याच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे काही काळ दाखवून शिक्का मिळवून देणे. आमच्या कार्यालयाने असे काही कधी सुचवले नाही, आणि समोर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना त्यासाठी स्पष्ट नकार देताना मी त्यांना पाहिले आहे. २०१९ पासून नियम असा आहे की मुदतवाढ मिळाल्यावरही तीन महिने पूर्ण ८ लाख आणि त्यानंतर वर्षभर किमान ४ लाख बाट खात्यात राहिलेच पाहिजेत. उसन्या पैशांवर हे निभत नाही, आणि उघडकीस आले तर सत्तरीच्या माणसाला सामान आवरून देश सोडावा लागतो. मला त्या गृहस्थांची चिंता वाटली, परंतु बाईंनी केले ते योग्यच होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत काम आटोपल्यावर बाईंनी आम्हाला थांबवून घेतले. त्या मला ‘लुंग’ आणि पत्नीला ‘पा’ म्हणतात, आपल्याकडे काका-मावशी म्हणावे तसे. ठेवीचे खाते एकट्या माझ्या नावावर आहे, हे त्यांनी पासबुकावर बोट ठेवून दाखवले. माझे काही बरेवाईट झाल्यास बँक ते खाते गोठवील, ते पैसे पत्नीला न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, आणि माझ्यावर अवलंबून असलेली तिची मुदतवाढही माझ्याबरोबरच संपेल, हे त्यांनी सांगितले. या सल्ल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, आणि मृत्युपत्राचे काम आपले नव्हे, ते वकिलाकडून थाई भाषेत करून घ्यावे, असेही स्वतःहून म्हणाल्या. घरी येताना पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, तिच्या नावाने वेगळी ठेव करायला किती वर्षे लागतील.

तेव्हापासून आम्ही दरमहा थोडी रक्कम तिच्या खात्यात वळवत आहोत, म्हणजे पुढे ती पन्नाशीवरील स्वतंत्र अर्जदार म्हणून मुदतवाढ घेऊ शकेल. मृत्युपत्राचा मसुदा वकिलांकडून आला आहे. त्याच्या मराठी तर्जुम्यावर मुलीशी बोलणे व्हायचे आहे. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला आम्ही येथील भारतीय वाणिज्य दूतावासातून घेऊ, त्यासाठी कोणा मध्यस्थाची गरज पडत नाही. फेब्रुवारीतील नूतनीकरण मात्र याच कार्यालयाकडे देणार आहोत, आणि पासपोर्ट परत घेताना चष्मा बरोबर नेणार आहोत.