ओडीसी परमिट काढून देणाऱ्या एजन्सी: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

ट्रान्सफॉर्मर, बॉयलर ड्रम, प्रेशर व्हेसल असा ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे ठरलेल्या मापांपेक्षा मोठा) माल राष्ट्रीय महामार्गावरून हलवायचा तर परवानगीचा अर्ज रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येतो. तरी बरेच ट्रान्सपोर्टर ते काम एजन्सीला देतात. या सेवेबद्दल आमचं मत असं: नुसता फॉर्म भरायचे पैसे देऊ नका. रूट सर्व्हे चोख करून देणार असतील, तर मात्र हात आखडू नका.

फॉर्ममध्ये अवघड काही नाही. पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) आणि ट्रेलरचं आरसी बुक, फिटनेस, विमा, मालाचं मापांसह ड्रॉइंग, ॲक्सलनिहाय वजन आणि मार्ग, एवढं हाताशी हवं. चूक होते ती वजनात. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर एकूण वजन वेगळं आणि वाहतुकीचं वजन वेगळं असतं, कारण मोठे ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा तेल काढून, आत नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरून पाठवतात. एकूण वजन टाकलं की ॲक्सल नाहक वाढतात. याच्या उलट, ट्रेलरचं स्वतःचं वजन, खालचे बीम आणि लॅशिंगचं (माल बांधायचं) सामान मोजायचं राहिलं की आकडा कमी भरतो आणि गाडी काट्यावर अडकते.

हिशोब असा करा. समजा माल १५० टन आणि हायड्रोलिक ट्रेलर ॲक्सलच्या १२ ओळींचा. एका ओळीचं स्वतःचं वजन ४ टन धरलं तर ४८ टन, म्हणजे एकूण १९८. भागिले १२, ओळीला साडेसोळा टन. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांसाठीच्या आयआरसी:६ संहितेतलं विशेष वाहन ओळीला १८ टनांचं आहे: २० ओळींचे ३६० टन आणि पुलरचे २५, मिळून ३८५. म्हणजे ओळीचा भार १८ च्या आत बसला. पण त्याच संहितेत हे वाहन ताशी ५ किलोमीटरने, पुलाच्या मधोमध आणि पुलावर दुसरी गाडी नसताना जातं असं धरलेलं आहे. पुलावर मध्येच ब्रेक मारला तर हा हिशोब कोलमडतो. ड्रायव्हरला हे समजावून सांगणारी एजन्सी क्वचित भेटते, आणि तीच चांगली.

जुन्या पुलांना ही संहिता माहीत नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये मध्य प्रदेशात नागपूर-भोपाळ महामार्गावरचा सुखतवा नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल १३८ चाकांच्या ट्रेलरखाली कोसळला. म्हणून सर्व्हे अहवालात प्रत्येक पूल आणि मोरी किलोमीटरच्या आकड्यासह, फोटोसकट मागा. ‘मार्ग योग्य आहे’ एवढ्या एका ओळीच्या अहवालाला काही किंमत नाही.

वजनापेक्षाही माप जास्त छळतं. अंबरनाथहून तिरुवनंतपुरमच्या अंतराळ केंद्राकडे गेलेला ऑटोक्लेव्ह (उष्णता आणि दाब देणारं मोठं बंद पात्र) जेमतेम ७० टनांचा, पण उंची साडेसात मीटर. जुलै २०१९ मध्ये निघालेला तो माल जुलै २०२० मध्ये पोचला. लॉकडाऊन मध्ये आलं हे खरं, पण तारा, झाडं आणि वळणं आधीपासूनच आडवी होती. टोलनाक्याची साधी लेन ३.२ मीटरची, ओडीसीसाठीची रुंद लेन ४.५ मीटरची. माल त्याहून रुंद असेल तर कुठल्या नाक्यावर बाजूने वाट काढता येते, हे सर्व्हेत लिहिलेलं हवं. उंची मोजताना मालाची नव्हे, ट्रेलरवर चढवलेल्या मालाची मोजा. हायड्रोलिक ॲक्सल खालीवर होतो, तेव्हा सगळ्यात खालची आणि चालतानाची अशा दोन्ही उंची लिहून घ्या.

एजन्सीची खरी परीक्षा महामार्ग सोडल्यावर होते. मंत्रालयाची परवानगी राष्ट्रीय महामार्गापुरती. पुढच्या राज्यमार्गाला सार्वजनिक बांधकाम विभाग, शहरात महापालिका आणि वाहतूक पोलीस, तारांसाठी वीज कंपनी, आणि फाटकावर २५ केव्हीची तार असेल तर रेल्वे. ‘ऑल इंडिया परमिट आमच्याकडे’ म्हणणाऱ्याला प्लांटच्या गेटआधीचे शेवटचे दहा किलोमीटर कुणाच्या ताब्यात आहेत, ते विचारा. उत्तर अडखळलं तर दुसरी एजन्सी बघा. वीज बंद ठेवायची तारीख आणि परवान्याची मुदत जुळवणं हेही त्यांचंच काम. दोन्ही वेगवेगळ्या आठवड्यांत आल्या, तर गाडी ढाब्यावर उभी राहते आणि डिटेन्शन (गाडी थांबून राहिल्याचं भाडं) तुमच्या माथी बसतं.

कागद अपुरे असले तर भुर्दंड मोठा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. माल बाजूने, पुढे-मागे किंवा वर मर्यादेबाहेर असेल तर त्याचे वेगळे २०,०००.

ई-वे बिल (जीएसटीखाली माल हलवताना लागणारा कागद) बहुतेक एजन्सी आपल्या कामात धरत नाहीत, पण तपासून घ्या. वाहनप्रकार ‘ओव्हर डायमेन्शनल कार्गो’ निवडला तर बिलाला दर २० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते, ‘रेग्युलर’ला २०० किलोमीटरला एक. चुकून रेग्युलर पडलं तर ८०० किलोमीटरच्या फेरीला ४० ऐवजी चारच दिवस उरतात. मुदत वाढवायला संपण्याआधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढीच खिडकी असते. परवान्यात पुलरचा नोंदणी क्रमांकही असतो. तेव्हा घाटात जोडायचा दुसरा पुलर आणि स्पेअर पुलर, दोघांचे क्रमांक अर्जातच टाकायला लावा.