होंडा सिटीवर बाहेरचा एअर इनटेक : आठ महिने, ९,४०० किलोमीटर आणि सात क्लॅम्प

गेल्या नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या २०१३ च्या होंडा सिटीवर, म्हणजे १४९७ सीसीच्या आय-व्हीटेक पेट्रोल इंजिनावर, बाहेरून घेतलेला एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी नळी आणि फिल्टर, बसवला. आता जुलै चालू आहे. या काळात गाडी ९,४०० किलोमीटर चालली; त्यातली निम्मी धाव कोथरूड ते चाकण अशी रोजची, आणि उरलेली बहुतेक कोल्हापूरकडच्या फेऱ्यांची. या अनुभवात ताकदीविषयी थोडे आणि क्लॅम्पविषयी फार वाचायला मिळेल, कारण आठ महिन्यांत माझा वेळ नेमका त्याच प्रमाणात गेला.

किट बनवणाऱ्याचे नाव लिहीत नाही. खोक्यात ॲल्युमिनियमच्या नळीचे दोन तुकडे, तेल लावलेल्या सुती जाळीचा शंकूच्या आकाराचा फिल्टर, नळ्या जोडणारे दोन सरळ सिलिकॉन होज (लवचिक नळ्या), स्क्रू फिरवून आवळायचे पाच वर्म क्लॅम्प, उष्णता अडवणारा पत्रा, नळीला आधार देणारी एक चपटी पट्टी आणि ब्रीदर नळीसाठी, म्हणजे इंजिन आणि इनटेक यांना जोडणाऱ्या छोट्या हवेच्या नळीसाठी, दोन प्लॅस्टिकचे टाय एवढे सामान होते. ते टाय पाहूनच खरे तर मला शंका यायला हवी होती.

बसवण्याचे काम दोन तासांचे आहे. दहा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड एवढ्यात मूळ फिल्टर बॉक्स निघतो. मॅफ सेन्सर मात्र जपून काढावा लागतो. येणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणारा हा सेन्सर तापलेल्या बारीक तारेवर चालतो, त्यामुळे त्याला बोट लावायचे नाही, त्याची रबरी रिंग हरवायची नाही आणि नव्या नळीत तो वाऱ्याच्या दिशेचा बाण पाहूनच बसवायचा. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी बॉनेट लावण्याआधी मी एक घरगुती युक्ती केली, ती उपयोगी पडली. फिल्टरच्या माथ्यावर कणकेचे तीन गोळे ठेवले, बॉनेट हलकेच बंद करून पुन्हा उघडले आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजली. एका जागी ती जेमतेम चार मिलिमीटर भरली. उभ्या गाडीत चार मिलिमीटर चालतील, पण इंजिन आपल्या माउंटवर, म्हणजे रबरी आधारांवर, हलते तेव्हा फिल्टर बॉनेटला घासणार हे उघड होते. नळी थोडी फिरवून मी ते अंतर बारा मिलिमीटरवर नेले.

नवव्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या साध्या ओबीडी रीडरने पी०१७१ हा कोड दाखवला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. या कोडवर सेन्सर बदलायला सांगणारे बरेच भेटतात. मी मात्र आधी फ्युएल ट्रिमचे, म्हणजे गाडी स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवते किंवा घटवते त्याचे, आकडे वेगवेगळ्या आरपीएमवर लिहून काढले. मूळ बॉक्स असताना दीर्घकालीन ट्रिम अधिक दोन टक्क्यांच्या आसपास असे. आता स्थिर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, ते अधिक सोळा होते आणि २,५०० आरपीएमला अधिक आठ. हा फरकच चोर दाखवतो. मॅफच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, न मोजलेली हवा थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, शिरत असेल, तर आयडलला, एकूण हवा थोडी असताना, तिचा वाटा मोठा दिसतो आणि आरपीएम वाढले की तो कमी होत जातो. व्हॉल्व्ह कव्हरवरून येणारी ब्रीदर नळी मी हाताने ओढली तर ती अलगद निघून आली. किटमधले तोंड मूळ तोंडापेक्षा बारीक होते आणि प्लॅस्टिकचा टाय गरम होऊन सैल पडला होता. तिथून शिरलेली हवा क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतून, तिथली वाफ बाहेर काढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे, सरळ मॅनिफोल्डमध्ये जात होती.

योग्य मापाची रबरी नळी आणि दोन छोटे क्लॅम्प घातल्यावर आयडलचे ट्रिम अधिक आठवर आले, म्हणजे सगळ्या आरपीएमला जवळजवळ सारखे झाले. मूळच्या अधिक दोनच्या वर उरलेला हा सहा टक्क्यांचा फरक गळतीचा नाही, नळीच्या व्यासाचा आहे. समजा, मूळ नळी आतून ६० मिलिमीटर असेल आणि नवी ६३ मिलिमीटर, तर आडव्या छेदाचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढते. तेवढीच हवा तारेवरून सावकाश जाते आणि सेन्सर ती प्रत्यक्षाहून कमी मोजतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे पेट्रोल वाढवून हे सावरून घेतो. दिवा पुन्हा लागलेला नाही, पण गाडीच्या सावरण्याच्या मर्यादेतला बराचसा भाग या नळीने कायमचा खाल्ला आहे. विकत घेण्याआधी व्हर्नियरने दोन्ही व्यास मोजले असते, तर मी हे किट घेतले नसते.

आता नळीला आधार देणाऱ्या त्या चपट्या पट्टीची गोष्ट. फेब्रुवारीत कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाट चढत असताना बॉनेटखालून टक-टक असा आवाज येऊ लागला. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, सोडला की बंद, दाबला की चालू. घाट उतरून एका ढाब्यावर बॉनेट उघडले. नळीला वेल्ड केलेल्या ज्या कानाला पट्टी बोल्टने बांधली होती, त्या कानाच्या मुळाशी केसाएवढी बारीक भेग दिसत होती आणि भेगेच्या काठावर राखाडी भुकटी जमली होती. नखाने कान दाबला तर तो दारासारखा उघडत होता. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन, नळी जवळच्या घट्ट भागाला बांधून, मी कोल्हापूर गाठले.

चूक वेल्डिंगची नव्हती, रचनेची होती. नळीचे एक टोक थ्रॉटल बॉडीला (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागाला), म्हणजे इंजिनाला बांधलेले असते, आणि पट्टी गाडीच्या सांगाड्याला. थ्रॉटल दाबताच इंजिन रबरी माउंटवर काही मिलिमीटर कलंडते, सांगाडा मात्र जागचा हलत नाही. हा फरक कोणीतरी पचवायलाच हवा. कंपन्यांच्या मूळ नळीला मध्यभागी भात्यासारख्या वळ्या असतात त्या याचसाठी. या किटमध्ये मधला होज सरळ आणि चार थरांचा जाड होता, पट्टी लोखंडाची आणि बोल्ट थेट कसलेला. लवायला कुठे जागाच नव्हती, म्हणून सगळ्यात दुबळा दुवा, ॲल्युमिनियमचा कान, रोज हजारो वेळा वाकत राहिला आणि थकून तुटला. पट्टी अजून घट्ट कसली असती, तर तो जानेवारीतच गेला असता.

परत आल्यावर भोसरीत आर्गन वेल्डिंग करून कान पुन्हा बसवून घेतला आणि मुळाशी एक छोटी त्रिकोणी पट्टी आधाराला लावली. कान आणि पट्टी यांच्यामध्ये दोन्हीकडे एम६ (सहा मिलिमीटरचे) आटे असलेले रबरी माउंट घातले, त्यावर थरथरीने सैल न होणारे नायलॉक नट. मधला सरळ होज काढून मधोमध फुगा असलेला हंप होज बसवला. सगळा खर्च सातशे-आठशे रुपयांचा. किटच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे, आणि हे सामान खोक्यातच असायला हवे होते. त्यानंतरच्या पाच महिन्यांत टक-टक नाही आणि केबिनमध्ये येणारी थरथरही कमी झाली.

क्लॅम्पबद्दल जे शिकलो ते असे. होज नळीवर निदान पंचवीस मिलिमीटर चढला पाहिजे आणि क्लॅम्पची पट्टी नळीच्या वळवलेल्या कडेच्या मागे बसली पाहिजे. कडेवरच बसली तर ती तिरकी होते आणि होज हळूहळू सरकतो. माझ्या नळीच्या एका टोकाला अशी कड नव्हतीच, ती मी वेल्डरकडून चार जागी ठिपके टाकून घेऊन भागवली. होज चढत नाही म्हणून आत तेल किंवा ग्रीस लावू नये. ते कधीच वाळत नाही आणि सांधा कायमचा निसरडा होतो. साबणाचे पाणी पुरते. वर्म क्लॅम्पच्या पट्टीला आरपार खाचा असतात, जास्त कसला की सिलिकॉन त्या खाचांतून किसल्यासारखा वर येतो आणि तिथेच पुढे फाटतो. पण एकदा कसून विसरताही येत नाही. सिलिकॉन पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत दबून बसतो, म्हणून पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, इंजिन थंड असताना, प्रत्येक क्लॅम्प अर्धा ते एक फेरा घ्यावा लागला.

फिल्टरच्या रबरी मानेचा क्लॅम्प मी सगळ्यात कमी महत्त्वाचा समजत होतो. सहा हजार किलोमीटरला फिल्टर काढून नळी आतून पांढऱ्या फडक्याने पुसली, तर मानेजवळ एका बाजूला चाकण रस्त्याची बारीक धूळ चिकटलेली निघाली. मान एका अंगाने तीन-चार मिलिमीटर वर बसली होती. फिल्टर कितीही चांगला असला, तरी धूळ अशी मागच्या दाराने आत येते, आणि ती थेट पिस्टनपर्यंत जाते. मान पुन्हा सरळ बसवल्यावर, पुढच्या तपासणीत फडके स्वच्छ निघाले. फिल्टर धुतल्यावर तेलाचा हात आखडता ठेवावा, कारण जास्तीचे तेल उडून मॅफच्या तारेवर बसते.

ताकद वाढल्याचा उरलेला भ्रम उन्हाळ्याने दूर केला. एप्रिलमध्ये बाहेर ३९ अंश असताना चाकण चौकातल्या कोंडीत आत येणाऱ्या हवेचे तापमान ६१ अंश दिसले. मूळ बॉक्स असताना अशाच दुपारी ते ४८ च्या आसपास असे. तेरा अंशांच्या या फरकाने हवेची घनता सुमारे चार टक्क्यांनी घटते, म्हणजे कोंडीतून निघताना गाडी पूर्वीपेक्षा जड वाटते आणि ते मनाचे खेळ नाहीत. ऐंशीच्या वेगाने चालू लागल्यावर दोन-तीन मिनिटांत फरक जवळजवळ मिटतो. मायलेज १३.८ वरून १३.६ वर आले, याला मी फरक मानत नाही. चार हजार आरपीएमच्या वर आवाज मात्र खरोखर भरदार झाला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मला मिळालेला लाभ तेवढाच. या इंजिनाला ६,००० आरपीएमला सेकंदाला साधारण ७५ लिटर हवा लागते. तेवढी मूळ कागदी फिल्टरमधूनही सहज जाते.

फिल्टर बंपरच्या आत खाली नेणारे, थंड हवेचे म्हणून विकले जाणारे किट मी मुद्दाम टाळले होते. पाणी दाबले जात नाही. साचलेल्या पाण्यातून एकदा घोटभर जरी सिलिंडरमध्ये गेले तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. या जूनमध्ये रस्त्यात गुडघाभर पाणी साचले होते, त्या दिवशी मी गाडी बाहेर काढली नाही, पण नेहमीच्या पावसात बॉनेटच्या उंचीवरचा फिल्टर फक्त दमट झाला, भिजला नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर मर्यादा आहेत, म्हणून विमा कंपनीला मी आधीच लेखी कळवले. मार्चमध्ये पीयूसी झाली तेव्हा आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या मर्यादेच्या बरेच खाली होते. ब्रीदर नळी सुटलेली असताना चाचणी दिली असती, तर आकडे असे आले असते का, याची मला खात्री नाही.

मूळ फिल्टर बॉक्स त्याच्या स्क्रूंच्या पिशवीसह माळ्यावर जपून ठेवला आहे आणि पुढच्या उन्हाळ्याआधी तो परत बसवण्याचा माझा विचार आहे. तोवर सातही क्लॅम्पच्या स्क्रूवर, अर्धी डोक्यावर आणि अर्धी पट्टीवर, बायकोच्या लाल नेलपॉलिशची एकेक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. गेल्या रविवारी सहा रेघा सरळ होत्या. ब्रीदरच्या खालच्या क्लॅम्पची पाव फेरा सरकलेली होती.